काउंट शून्यावर असताना

मुलांच्या कॅन्सर वॉर्डात सकाळी डॉक्टरांची फेरी व्हायच्या आधीच आई-वडील एकमेकांना विचारतात, ‘तुमच्याकडे काउंट किती आले?’ महिनाभर वॉर्डात काढलेली आई सीबीसीचा, म्हणजे रक्ततपासणीचा, कागद शिकाऊ डॉक्टरच्या सफाईने वाचते. तिची नजर थेट एएनसीवर जाते. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी किती आहेत, त्याचा तो आकडा. निरोगी मुलात तो साधारण दीड हजाराच्या वर असतो. केमो दिल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात तो घसरतो. पाचशेच्या खाली गेला की डॉक्टर सावध होतात, शंभराच्या खाली गेला की जास्तच. कधी कधी कागदावर चक्क शून्य येतं आणि काही दिवस तिथेच राहतं.

असं होण्याचं कारण उपचारातच आहे. केमोची बहुतेक औषधं वेगाने दुणावणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतातच, पण बोन मॅरोमध्ये रोज अब्जावधींनी तयार होणाऱ्या रक्तपेशीही तशाच. तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तरही सतत नवं होत असतं, म्हणून तेही सोलवटून निघतं. मुलाचं तोंड येतं, गिळताना रडू येतं, जुलाब लागतात. म्हणजे जंतूंना आत येण्यापासून अडवणारं अस्तर आणि आत आलेल्या जंतूंना गिळणाऱ्या पेशी, दोन्ही एकाच आठवड्यात नाहीशी होतात. त्यात औषध देण्यासाठी छातीजवळ पोर्ट किंवा दंडात पिक लाइन नावाची नळी असते, आणि तिचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं.

१९६६ साली अमेरिकेत जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवलं की, संसर्गाचा धोका दोन गोष्टींवर ठरतो : न्यूट्रोफिल किती खाली गेले आणि किती दिवस खाली राहिले. आज हे उघड वाटतं, पण मुलांच्या कॅन्सरमधल्या संसर्गाबाबतचे आजचे नियम या दोन प्रश्नांवर उभे आहेत. पहिल्या काही दिवसांत ताप आला तर त्यामागे बहुधा बॅक्टेरिया असतात. बुरशीला वेळ लागतो. काउंट दहा दिवसांच्या वर पडलेलेच राहिले की तिची पाळी येते. म्हणून एएमएल हा ल्युकेमिया झालेली मुलं, ल्युकेमिया उलटलेली मुलं आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेली मुलं यांच्याबाबत डॉक्टर बुरशीला सगळ्यात जास्त भितात. त्यांचे काउंट आठवडेच्या आठवडे वर येत नाहीत.

मुलांमधला सगळ्यात जास्त आढळणारा ल्युकेमिया म्हणजे एएलएल. चांगल्या केंद्रांत आज त्यातली ८५ ते ९० टक्के मुलं बरी होतात. या यशाचं श्रेय केमोला दिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण जी केमो ल्युकेमिया संपवते तीच मुलाला महिनोनमहिने उघडं पाडते. त्या उघड्या दिवसांत मूल वाचलं तरच केमोचं यश मोजायला कुणी उरतं. कॅन्सरवरच्या नव्या औषधाची बातमी पहिल्या पानावर येते, संसर्ग रोखण्याच्या कामाची येत नाही. मला हा मोठा अन्याय वाटतो, कारण गेल्या पन्नास वर्षांत वाचलेल्या मुलांमध्ये या दुसऱ्या कामाचा वाटा फार मोठा आहे.

आता या बुरश्या कोण, ते पाहू.

कँडिडा ही यीस्ट जातीची बुरशी. तिला बाहेरून यावं लागत नाही. ती आपल्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर निमूट राहत असते. आतड्यातले बॅक्टेरिया तिला वाढू देत नाहीत. केमोच्या काळात ताप आला की जोरदार अँटिबायोटिक सुरू होतात. ती बॅक्टेरियांबरोबर ही राखणही मोडतात. कँडिडा वाढते, सोलवटलेल्या आतड्यातून रक्तात उतरते किंवा लाइनच्या नळीला चिकटून थर धरते. जिभेवर आणि गालांच्या आत दह्यासारखे पांढरे चट्टे दिसतात, ते तिचं सौम्य रूप. रक्तात गेली तर ती डोळ्यांत, यकृतात, प्लीहेत, मूत्रपिंडात घर करते. तेव्हा लाइन काढावी लागते, डोळे तपासावे लागतात, आणि रक्ताचं कल्चर स्वच्छ आल्यानंतरही निदान दोन आठवडे औषध चालू ठेवावं लागतं. यकृत आणि प्लीहेतल्या कँडिडाचं एक विचित्र वागणं असतं. काउंट वर यायला लागले, सगळ्यांना हायसं वाटलं, की नेमका तेव्हा पुन्हा ताप चढतो. लढणाऱ्या पेशी परत आलेल्या असतात आणि त्या लपलेल्या बुरशीवर तुटून पडतात, म्हणून गाठी तेव्हाच सोनोग्राफीत दिसू लागतात.

अ‍ॅस्परजिलस हवेतून येते. कुजलेला पालापाचोळा, ओली माती, जुन्या भिंतीतली धूळ, साठवलेलं धान्य या सगळ्यांत ती वाढते आणि तिचे बीजाणू हवेत सोडते. ते दोन-तीन मायक्रॉनचे, म्हणजे फुप्फुसाच्या पार टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोचतील इतके बारीक. आपण सगळेच ते रोज शेकड्यांनी आत घेतो आणि आपल्या फुप्फुसातल्या पेशी ते गुपचूप संपवतात. न्यूट्रोफिल नसतील तर बीजाणूला अंकुर फुटतो, धागा लांबत जातो आणि रक्तवाहिनीची भिंत फोडून आत शिरतो. तिथे गुठळी होते, पुढचा भाग मरतो, आजूबाजूला रक्त झिरपतं. बांधकाम आणि पाडकाम सुरू असलेल्या जागेजवळ हा धोका वाढतो, हे जगभरच्या रुग्णालयांनी अनुभवलं आहे. ट्रान्सप्लांटच्या खोल्यांत म्हणूनच हेपा फिल्टर लावतात. तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, आणि खोलीतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेर जाते, आत येत नाही. परळचा विचार केला की मला हे नेहमी आठवतं. १९४१ साली टाटा हॉस्पिटल सुरू झालं तेव्हा भोवती गिरण्या होत्या. गेली काही दशकं त्याच जमिनींवर खोदकाम आणि टॉवर चालू आहेत, आणि देशभरातून आलेली मुलं मास्क लावून त्याच रस्त्यांवरून डे-केअरला ये-जा करतात.

म्युकरला महाराष्ट्रात नव्याने ओळख करून द्यायची गरज नाही. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर ‘काळी बुरशी’ घराघरात पोचली. पण मुलांच्या कॅन्सर वॉर्डांना ती त्याच्या फार आधीपासून माहीत होती. पावसाळ्यात पावावर किंवा शिळ्या पोळीवर जी करडी लव धरते, त्या कुळातलीच ही. एएलएलच्या उपचाराचा पहिला महिना तिला अगदी अनुकूल असतो. त्या महिन्यात स्टेरॉइड रोज असतं आणि सोबत अ‍ॅस्पराजिनेज नावाचं इंजेक्शन. दोन्हींमुळे रक्तातली साखर वाढते. मधुमेह नसलेल्या पाच वर्षांच्या मुलाला काही दिवस इन्सुलिन द्यावं लागतं, ते पाहून आई-वडील हबकतात. वाढलेली साखर, स्टेरॉइड आणि पडलेले काउंट हे तिन्ही एकत्र आले की म्युकरला वाट मोकळी. गालावर एका बाजूला सूज, नाक एका बाजूने बंद, डोळ्याभोवती दुखणं, टाळूवर काळपट डाग, यांतलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नसते. म्युकरमध्ये औषधाच्या बरोबरीने मेलेला भाग कापून काढावा लागतो, आणि तो किती कापायचा हे किती लवकर कळलं यावर ठरतं.

म्युकर कुठून कुठून येऊ शकते, त्याचं एक उदाहरण अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचं आहे. २००८-०९ या काळात तिथल्या मुलांच्या एका रुग्णालयात पाच गंभीर आजारी मुलांच्या त्वचेवर म्युकरच्या जखमा झाल्या आणि पाचही मुलं दगावली. मुलं वेगवेगळ्या वॉर्डांतली, आजार वेगवेगळे. तपासणी करताना सगळ्यांमध्ये समान अशी एकच गोष्ट हाती लागली : चादरी-टॉवेलसारखे कपडे. धुतलेले कपडे जिथे ठेवले आणि हाताळले जात, तिथे बुरशी सापडली. आपल्याकडे कॅन्सर वॉर्डातली चादर कुठे धुतली जाते, कुठे वाळते, पावसाळ्यात पूर्ण वाळते का, हा प्रश्न कारभाराचा समजला जातो. खरं तर तो उपचाराचाच भाग आहे.

मोठ्या माणसाच्या तुलनेत मुलात ही बुरशी ओळखणं जास्त अवघड. तीन वर्षांचं मूल ‘इथे दुखतंय’ म्हणून बोट दाखवत नाही. न्यूट्रोफिल नाहीत म्हणजे पू नाही, कफ नाही, लालीही नाही. खोकला नसताना फुप्फुसात बुरशी असू शकते आणि छातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. सीटी स्कॅनवर मोठ्यांमध्ये अ‍ॅस्परजिलसच्या गाठीभोवती धूसर कडं दिसतं, झिरपलेल्या रक्ताचं. मुलांमध्ये, विशेषतः अगदी लहानांमध्ये, ते अनेकदा दिसतच नाही. नुसत्या गाठी दिसतात आणि त्या कशाच्याही असू शकतात. रक्तातलं गॅलॅक्टोमॅनन तपासता येतं. ते अ‍ॅस्परजिलसच्या भिंतीतून सुटणारं द्रव्य. पण मूल आधीच बुरशीविरोधी औषधावर असेल तर ही तपासणी फसवते, आणि म्युकर तर तिच्यात दिसतच नाही. कँडिडासाठीचं रक्ताचं कल्चर निम्म्या वेळा हुकतं. शेवटी दुर्बिणीने फुप्फुस धुऊन पाणी तपासणं किंवा सुईने तुकडा काढणं उरतं. प्लेटलेट दहा हजारांवर उतरलेल्या मुलात सुई घालायची तर रक्तस्रावाची भीती असते.

म्हणून डॉक्टर घड्याळ लावून चालतात. काउंट पडलेल्या मुलाला ताप आला की तासाभरात अँटिबायोटिक. चार दिवस, म्हणजे ९६ तास, ताप हटला नाही आणि मूल धोक्याच्या गटातलं असेल तर बुरशी सिद्ध झालेली नसतानाही बुरशीचं औषध सुरू करायचं आणि छातीचा सीटी काढायचा. या विचाराला बळ मिळालं ते १९८२ साली. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये फिलिप पिझ्झो यांनी दाखवलं की, अशा हट्टी तापात वाट पाहत बसण्यापेक्षा आधीच बुरशीचं औषध दिलेलं बरं. पालकांना हे कोड्यासारखं वाटतं. ‘अजून रिपोर्ट आला नाही, मग औषध कशाचं?’ असं ते विचारतात. त्यांचा प्रश्न बरोबर आहे आणि कितीही घाईत असलं तरी त्याचं उत्तर त्यांना मिळायला हवं : बुरशीचा रिपोर्ट हाती येईपर्यंत थांबलं तर औषधाला उशीर होतो.

सिद्ध झालेल्या बुरशीला मारण्यापेक्षा ती येऊच न देणं जास्त फळतं, हे ज्या एका गोष्टीतून मला सगळ्यात स्पष्ट दिसतं ती मेम्फिसची आहे.

टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात १९६२ साली सेंट ज्यूड हे मुलांचं रुग्णालय उघडलं. ल्युकेमियावरची केमो तिथे हळूहळू जास्त तीव्र होत गेली आणि ल्युकेमिया ताब्यात यायला लागला. पण ज्यांचा ल्युकेमिया ताब्यात होता अशीच मुलं अचानक धाप लागून, ओठ निळे पडून मरू लागली. हा न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया होता. या जंतूला तेव्हा एकपेशीय प्राणी समजत. त्यावर पेंटामिडीन नावाचं इंजेक्शन होतं, पण ते मुलांना फार झेपत नसे. वॉल्टर ह्यूज या बालरोगतज्ज्ञांनी प्रयोगशाळेत उंदरांना स्टेरॉइड देऊन हा आजार घडवला आणि त्यावर औषधं तपासली. कोट्रायमोक्झाझोल, म्हणजे आपल्याकडे सेप्ट्रान म्हणून ओळखली जाणारी सल्फाची जुनी गोळी, उंदरांना वाचवत होती. मग मुलांवर चाचणी झाली. १६० मुलं घेतली. ८० जणांना सेप्ट्रान आणि ८० जणांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, कुणाला कोणती ते डॉक्टरांनाही माहीत नाही. निकाल १९७७ साली छापून आला. बिनऔषधाच्या गटात १७ मुलांना न्यूमोसिस्टिस झाला. सेप्ट्रानच्या गटात एकालाही नाही.

वैद्यकात इतका लखलखीत निकाल क्वचित हाती लागतो. दहा वर्षांनी ह्यूज यांनीच दाखवलं की गोळी रोज घ्यायचीही गरज नाही, आठवड्यातून तीन दिवस पुरेत. आज जगभर ल्युकेमियाची मुलं ठरावीक वारी ही गोळी घेतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये ती काही रुपयांत मिळते.

या गोष्टीला पुढे एक वळण आलं. १९८८ साली न्यूमोसिस्टिसच्या आरएनएचा क्रम वाचला गेला आणि कळलं की हा प्राणी नसून बुरशी आहे. मात्र बुरशी असूनही तिच्या पेशीच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल नाही. अर्गोस्टेरॉल हे बहुतेक बुरश्यांच्या पडद्यातलं द्रव्य, आपल्या कोलेस्टेरॉलच्या जागी असणारं. बुरशीची मोठमोठी औषधं नेमकं त्यालाच पकडतात. म्हणून ती महागडी औषधं न्यूमोसिस्टिसवर चालत नाहीत आणि बॅक्टेरियासाठी बनवलेली सेप्ट्रान चालते.

औषधांचा इतिहास मातीतून निघालेला आहे. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघी काम करत. हेझन न्यूयॉर्क शहरात, ब्राउन ऑल्बनीत. हेझन मातीतले जंतू वाढवून काचेच्या बरण्यांतून टपालाने ऑल्बनीला पाठवायच्या, ब्राउन त्यातून रसायन वेगळं करून परत टपालानेच पाठवायच्या. व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्या शेताच्या मातीतून त्यांना निस्टॅटिन मिळालं. १९५० साली त्यांनी ते जाहीर केलं. माणसाला चालणारं बुरशीवरचं ते पहिलं अँटिबायोटिक. त्यातून आलेली कोट्यवधींची रॉयल्टी दोघींनी संशोधनाला देऊन टाकली. निस्टॅटिन शिरेतून देता येत नाही, पण तोंडातल्या चट्ट्यांवर ते अजून वापरलं जातं. त्यानंतर काही वर्षांतच व्हेनेझुएलात ओरिनोको नदीच्या काठच्या मातीतून अ‍ॅम्फोटेरिसिन-बी मिळालं, आणि रक्तात, फुप्फुसात शिरलेल्या बुरशीवर प्रथमच शिरेतून देता येईल असं औषध हाती आलं.

याच कुळातलं एक औषध पिंपरीचंही आहे. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा १९५४ साली स्थापन झालेला सरकारी कारखाना पेनिसिलिनसाठी ओळखला जातो. तिथे एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिसपासून हॅमायसिन शोधलं. त्या जंतूचं शास्त्रीय नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. तोंडातल्या आणि त्वचेवरच्या बुरशीसाठी ते आपल्याकडे वापरलं गेलं. अ‍ॅम्फोटेरिसिनची जागा ते घेऊ शकलं नाही, पण हे काम पिंपरीत झालं होतं याची आठवण मराठी वाचकाला असायला हवी.

अ‍ॅम्फो, वॉर्डातलं त्याचं हे घरगुती नाव, बुरशीच्या पडद्यातल्या अर्गोस्टेरॉलला धरून पडद्याला भोकं पाडतं. पण आपलं कोलेस्टेरॉल अर्गोस्टेरॉलपेक्षा फार वेगळं नाही, त्यामुळे आपल्या पेशीही थोड्याफार सापडतात. पिवळ्या रंगाची ही ड्रिप काही तास चालते. जुन्या प्रकारच्या अ‍ॅम्फोत मुलाला हुडहुडी भरते, ताप चढतो. मूत्रपिंडाला इजा होते, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीतून वाहून जातं. औषधाचे रेणू चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, बंद केले तर ही इजा बरीच कमी होते. परदेशी लायपोसोमल अ‍ॅम्फो नव्वदच्या दशकात आलं, पण भारतात ते कुणाच्या आवाक्यात नव्हतं. टाटा हॉस्पिटलपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ बिमल बच्छावत यांच्या गटाबरोबर देशी लायपोसोमल अ‍ॅम्फो तयार करून रुग्णांवर तपासलं. त्यातूनच पुढे फंगिसोम हे औषध आलं. तरीही खर्च उरतोच. म्युकरमध्ये लायपोसोमल अ‍ॅम्फो किलोमागे रोज पाच मिलिग्रॅम द्यायचं तर वीस किलोच्या मुलाला पन्नास मिलिग्रॅमच्या दोन बाटल्या रोज लागतात, आणि हे आठवडेच्या आठवडे. २०२१ साली या बाटल्यांसाठी राज्यभर लोक धावत होते तेव्हा केमोवर असलेल्या मुलांनाही त्याच बाटल्या हव्या होत्या, हे फार थोड्यांच्या लक्षात आलं.

नंतर आणखी औषधं आली. २००१ साली कॅस्पोफंजिन आलं. ते बुरशीच्या बाहेरच्या भिंतीचं बांधकामच थांबवतं आणि आपल्या पेशींना अशी भिंत नसल्याने बरंच सुरक्षित असतं. २००२ साली व्होरिकोनाझोल आलं आणि अ‍ॅस्परजिलससाठी ते पहिल्या पसंतीचं ठरलं. म्युकरवर दोन्हींचा भरवसा धरता येत नाही. व्होरिकोनाझोलच्या बाबतीत मुलांचा हिशोब वेगळा असतो. लहान मुलाचं यकृत हे औषध मोठ्यांपेक्षा झपाट्याने संपवतं, म्हणून वजनाच्या मानाने त्याला मोठ्यापेक्षा जास्त डोस लागतो, आणि रक्तातली पातळी मोजल्याशिवाय तो पुरेसा आहे की नाही ते कळत नाही. दुसरी अडचण याहून गंभीर. एएलएलच्या उपचारात व्हिन्क्रिस्टीन अटळ असतं. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळणारं हे औषध यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे शरीरातून निघून जातं, तेच एन्झाइम व्होरिकोनाझोल आणि त्याची भावंडं अडवतात. दोन्ही एकत्र पडली की व्हिन्क्रिस्टीन साचतं, आतड्याची हालचाल थांबते, पोट फुगतं, पावलं लुळी पडतात, झटकेही येऊ शकतात. म्हणून दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरने मुलाला बुरशीची गोळी लिहून दिली, अगदी नायट्याची असली तरी, ती कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नये.

बुरशी येऊच न देण्याचा विचार आता न्यूमोसिस्टिसच्या पुढे गेला आहे. एएमएल झालेल्या ५१७ मुलांवर आणि तरुणांवर अमेरिका-कॅनडातल्या केंद्रांनी केलेल्या चाचणीचा निकाल २०१९ साली आला. आधीपासून कॅस्पोफंजिन दिलेल्यांमध्ये पाच महिन्यांत ३.१ टक्क्यांना गंभीर बुरशीसंसर्ग झाला, फ्लुकोनाझोल हे बुरशीचं जुनं औषध दिलेल्यांमध्ये ७.२ टक्क्यांना. पण कॅस्पोफंजिन रोज शिरेतून द्यावं लागतं आणि त्याचा खर्च सेप्ट्रानसारखा नाही.

घरी काय करायचं, हा पालकांचा खरा प्रश्न. ‘घरी’ हा शब्दही इथे नेमका लागू होत नाही. नंदुरबारहून किंवा बिहारमधून मुंबईला आलेलं कुटुंब दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, एखाद्या संस्थेच्या खोलीत किंवा नातेवाइकाच्या दीड खोल्यांत महिनोनमहिने राहतं. निवड करायची मुभा असेल तर ओल आलेली, पोपडे पडलेली भिंत टाळावी. कुंड्या, खताची पोती, साठवणीचं धान्य मुलाच्या झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवावं. झाडू मारताना, जाळी झाडताना मूल खोलीत नसावं. बांधकामाजवळून जाताना मास्क हवाच. अन्न ताजं, पूर्ण शिजलेलं आणि गरम असावं, फळं धुऊन सोललेली. यापलीकडे जाऊन फळं-भाज्या पूर्ण बंद करण्याचा जो कडक नियम पूर्वी होता, त्याचा अन्न स्वच्छ ठेवण्याच्या साध्या नियमांहून जास्त फायदा मुलांवरच्या चाचणीत दिसला नाही. आधीच जेवण न जाणाऱ्या मुलाच्या ताटातून उरलंसुरलं काढून घेऊ नये, असं मला वाटतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती सहज होऊन जाते. जुलाब लागले की मेडिकलमधून सॅकरोमायसिस बोलार्डीची पुडी आणली जाते. एरवी निरुपद्रवी. पण ती जिवंत यीस्ट आहे. काउंट पडलेल्या आणि लाइन असलेल्या मुलात हीच यीस्ट रक्तात गेल्याच्या नोंदी आहेत. केमो चालू असताना ही पुडी नको.

आणि ताप. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस, दिसला की पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही, तडक रुग्णालय गाठायचं. गुदद्वारातून ताप मोजायचा नाही, तिथून सपोझिटरीही नाही, कारण तिथलं अस्तर फाटलं तर जंतूंना वाट मिळते. स्टेरॉइडवर असलेल्या मुलाला मोठा संसर्ग असूनही कधी कधी ताप येत नाही, तेव्हा नुसतं मलूल होणं, पोटात दुखणं, एका बाजूचा चेहरा सुजणं हेही तापाइतकंच गंभीर समजायचं.

हे सगळं पाळूनही मुलाला बुरशी होऊ शकते. असं झालं की आई स्वतःला दोष देते : मी खिडकी उघडी ठेवली म्हणून, मी त्याला केळं दिलं म्हणून. तिला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं की कँडिडा बहुधा मुलाच्या आतड्यातूनच आली आणि अ‍ॅस्परजिलस हवेतून, जी हवा आईलाही अडवता येत नाही.

त्यानंतर डॉक्टरांपुढे सगळ्यात कठीण निर्णय येतो. बुरशी पूर्ण जायला महिने लागतात आणि ल्युकेमिया तितके थांबत नाही. केमो लगेच चालू केली तर काउंट पुन्हा पडतील आणि बुरशी उसळेल, थांबवली तर ल्युकेमिया परतेल. एके काळी फुप्फुसात अ‍ॅस्परजिलस होऊन गेलेल्या मुलाला बोन मॅरो ट्रान्सप्लांट नाकारला जायचा. आता तसं करत नाहीत. बुरशी औषधाने आटोक्यात आली, सीटीत गाठी आटल्या, की बुरशीचं औषध चालूच ठेवून केमो पुन्हा सुरू करतात, औषधांचा क्रम बदलतात, व्हिन्क्रिस्टीनच्या दिवसांभोवती व्होरिकोनाझोल थांबवून दुसरं काही देतात, आणि काउंट पूर्ण वर येईपर्यंत ते औषध सोडत नाहीत. फुप्फुसात बुरशीचा डाग असलेली मुलंही अशा रीतीने आज ट्रान्सप्लांटपर्यंत पोचतात.